आवाज वाढवला म्हणून ओढा वाढत नाही



कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ठाकुरवाडी या नावाच्या एकाहून अधिक वस्त्या आहेत. ठाकर समाजाची वाडी ती ठाकुरवाडी, इतके ते साधे नाव. त्यांपैकी एका वाडीतल्या आणि तिच्या पायथ्याच्या गावातल्या नववीच्या मुलामुलींनी दोन वर्षांपूर्वी एक नऊ मिनिटांचा चित्रपट तयार केला. कॅमेरा म्हणजे शिक्षकांचा मोबाइल. नट म्हणजे घरचीच माणसे. गोष्ट मात्र खरी होती. जुलैतल्या एका रात्री त्यांच्यातल्याच एका मुलीच्या आजीला धाप लागली. चार जणांनी तिला झोळीत घातले, पुराचा ओढा ओलांडला आणि डांबरी रस्ता गाठला. नात हातात बॅटरी घेऊन झोळीच्या कडेने चालत होती. त्या ओढ्यावर साकव नाही. तो व्हावा म्हणून हा चित्रपट २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दाखवायचा, असे मुलांनी ठरवले होते.

आधी तो शाळेत दाखवला. झोळी ऐन ओढ्याच्या मध्यावर आली आणि पाचवी-सहावीची मुले खो खो हसली.

शाळेतले विज्ञानाचे शिक्षक माझे जुने विद्यार्थी. त्यांनी मला बोलावून घेतले. मी सिनेमाचा माणूस नव्हे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि ध्वनीच्या प्रकरणाला शेवटच्या बाकावर पेंगणारी मुले पाहायची मला सवय आहे. पण चित्रपट पाहिल्यावर (खरे तर ऐकल्यावर) ध्यानात आले की दोष कथेत नव्हता, अभिनयातही नव्हता. डोळ्यांना जे दिसत होते त्यावर कान विश्वास ठेवायला तयार नव्हते. ग्रामसभा अशीच हसली असती, तर साकवाचा विषय तिथेच संपला असता.

मुलांनी काय केले होते ते सांगतो. भर पुरात, रात्री, ओढ्यात उतरून चित्रण करायला शिक्षकांनी साफ नकार दिला होता, आणि तो योग्यच होता. म्हणून ऑक्टोबरात, संध्याकाळच्या अंधूक उजेडात, गुडघाभर पाण्यात चित्रण झाले. अंधारामुळे पाणी किती आहे ते पडद्यावर कळत नव्हते, ही सोयीची गोष्ट. आवाजही तिथेच टिपला होता, आणि पूर वाटावा म्हणून तो चांगला चौपट-पाचपट मोठा केला होता. ऐकताना काय वाटले? पूर नव्हे. मोठ्ठ्या आवाजात खळखळणारा लहानसा ओढा!

हे असे का व्हावे, इथून आमचे काम सुरू झाले.

पाणी वाजते ते बुडबुड्यांमुळे

वाहते पाणी दगडांवरून उसळते तेव्हा त्यात हवा अडकते आणि बुडबुडे तयार होतात. प्रत्येक बुडबुडा जन्मताना आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणजे कंप पावतो, आणि क्षणभर एक स्वर काढतो. मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली या स्वराचे गणित मांडले. त्याचा सारांश असा की बुडबुडा जितका मोठा तितकी त्याची वारंवारता कमी. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० कंपने करतो, तर १ सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३२६. त्रिज्या दहापट झाली की वारंवारता एकदशांश होते.

लहान ओढ्यात बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो खळखळतो. पुराच्या ओढ्यात मोठाले बुडबुडे असतात, आणि तळाचे धोंडेही एकमेकांवर आपटत गडगडतात. तो घोंगावतो. तुमचा कान हा फरक लहानपणापासून शिकलेला आहे. आवाजाची तीव्रता वाढवली तर बुडबुडे मोठे होत नाहीत. कानाला एवढेच कळते की कोणीतरी मोबाइल पाण्याच्या फार जवळ नेला आहे.

मग पूर कसा आणायचा? तीच ध्वनिफीत निम्म्या वेगाने वाजवा. वेग निम्मा झाला की प्रत्येक वारंवारता निम्मी होते, म्हणजे मिनार्टच्या हिशोबाने प्रत्येक बुडबुड्याची त्रिज्या दुप्पट! वेग एकचतुर्थांश केला तर चौपट. एक सावधगिरी मात्र हवी. आजकालच्या ॲपमध्ये वेग कमी केला तरी स्वर तोच ठेवण्याची सोय असते. ती बंद करावी लागते. आमचा पहिला अर्धा तास त्यातच गेला. निम्म्या वेगाचा आणि पाव वेगाचा असे दोन आवाज एकावर एक ठेवले, आणि धोंड्यांसाठी माळावरचे चार-पाच दगड पोत्यात घालून जमिनीवर लोळवले. वर्गात ते ऐकवले तेव्हा कोणी हसले नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाने पाय वर घेतले.

इथे एक अडचण आली, ती तुम्हालाही येईल. हाच आवाज मोबाइलवर वाजवला तर त्यातला घोंगाव गायब होतो. मोबाइलचा ध्वनिक्षेपक नखाएवढा असतो. खालच्या वारंवारतेसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, ती त्याच्याने हलत नाही. म्हणून ग्रामसभेसाठी गणपतीच्या मंडपात लावतात ते मोठे खोके आणायचे ठरले.

घर कुडाचे, आवाज काँक्रीटचा

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. आजी घरात झोपली आहे, नात तिला हाक मारते, असा पहिला प्रसंग आहे. चित्र खऱ्या घरात घेतले होते. कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती आणि वर गवताने शाकारलेले छप्पर. त्या दिवशी शेजारी कोंबडे आरवत होते, म्हणून संवाद नंतर शाळेच्या वर्गात मुद्रित केले. वर्गाच्या भिंती सिमेंटच्या, फरशी गुळगुळीत. ‘आजी’ हा शब्द भिंतीभिंतींवरून परावर्तित होऊन घुमत होता. यालाच आपण निनाद म्हणतो. कुडाच्या भिंती आणि गवत ध्वनी शोषून घेतात. त्या घरात शब्द बोलला की तिथेच मावळतो. प्रेक्षकाला हे शास्त्र ठाऊक नसते, पण काहीतरी खोटे चालले आहे हे त्याला अचूक कळते.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात असाच प्रश्न उभा राहिला होता. एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे व्याख्यात्याचे एक वाक्य दुसऱ्यात मिसळून जाई. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत निनादाचा काळ मोजला आणि सकाळ होण्यापूर्वी परत नेऊन ठेवल्या. त्यातून निनादाचे सूत्र मिळाले. आमच्याकडे गाद्या नव्हत्या, गोधड्या होत्या. वर्गाच्या एका कोपऱ्यात दोऱ्या बांधून तिन्ही बाजूंनी गोधड्या आणि घोंगड्या टांगल्या, आत मुलीला उभे केले आणि संवाद पुन्हा घेतले. काँक्रीटची खोली कुडाची झाली.

त्याच वेळी मोबाइल किती अंतरावर धरायचा याचाही धडा मिळाला. आधी तो दोन मीटरवर बाकावर ठेवला होता. आता तोंडापासून वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरवर धरला. अंतर एकदशांश झाले, म्हणजे व्यस्त वर्गाच्या नियमाने आवाजाची तीव्रता शंभरपट, म्हणजेच २० डेसिबल अधिक. बाहेरचे कोंबडे मात्र होते तेवढेच राहिले. आपला कान गर्दीतूनही हवा तो आवाज निवडून घेतो. मोबाइलला अशी निवड येत नाही, तो सारे सारखेच टिपतो. निवड तुम्हालाच, अंतराने करावी लागते.

विजेपासून गडगडाटापर्यंत

आता उत्कंठेकडे वळू. वादळ जवळ येत आहे हे कसे सांगाल? मुलांनी एकच भला मोठा कडकडाट तीन वेळा लावला होता. तिन्ही वेळा वीज आणि आवाज एकदमच.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. प्रकाश मात्र जवळजवळ तत्क्षणी पोचतो. वीज चमकल्यावर सहा सेकंदांनी गडगडले तर ती सुमारे दोन किलोमीटरवर, दोन सेकंदांनी तर सातशे मीटरवर. शिवाय लांबचा मेघगर्जनेचा आवाज नुसता लहान नसतो, वेगळा असतो. लांब अंतर कापताना वरच्या वारंवारता हवेत अधिक शोषल्या जातात, आणि उरतो तो खालचा, लांबलेला गडगडाट. जवळची वीज मात्र चर्रकन फाटते.

म्हणून आम्ही पहिल्या विजेनंतर सहा सेकंद थांबलो आणि वरचे स्वर काढून टाकलेला गडगडाट लावला. दुसऱ्या वेळी चार सेकंद. तिसऱ्या वेळी दोन, आणि आवाज अधिक करकरीत. वाडीवर वाया गेलेला पत्र्याचा एक लांब तुकडा होता; तो दोघांनी धरून हलवला की उत्तम गडगडाट होतो. नाटकवाल्यांची ही फार जुनी युक्ती आहे. चित्रपट पाहताना मुले नकळत मनात आकडे मोजू लागली. चौथी वीज चमकते तेव्हा झोळी ओढ्यात असते आणि गडगडाट येतच नाही. ही कल्पना माझी नव्हे, एका मुलाची. शास्त्रात ती बसत नाही असे मी म्हणालो. तो म्हणाला, “सर, तेव्हा कोणाचं लक्ष असतं विजेकडे?” मी गप्प बसलो.

कर्जत-लोणावळा घाटातली आगगाडीही आमच्या उपयोगी पडली. १८६३ पासून वाहत्या असलेल्या या बोरघाटात ठाकुरवाडी याच नावाचे एक ठिकाण रेल्वेच्या नकाशातही आहे, आणि तिथला चढ ३७ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. वाडीवरून गाडीची नुसती घरघर ऐकू येते, तीही रात्री अधिक. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने ऊबदार असली, की वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. झोळी खाली उतरत जाते तसतशी आम्ही त्या घरघरीत चाकांची खटखट आणि ब्रेकचा चरचराट मिसळत गेलो. रस्ता जवळ आला हे एक अक्षरही न बोलता कळले.

चित्रपटातला हा कानाचा उपयोग नवा नाही. ‘शोले’ (१९७५) तुम्ही पाहिला असेल. गब्बरसिंग पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा चेहरा दिसण्यापूर्वी खडकावरून चालणारे बूट आणि फरफटणारा पट्टा ऐकू येतो. आवाज आधी आणि वस्तू नंतर, या क्रमात भीती असते. आम्ही ओढाही आधी ऐकवला. वाट उतरताना वळणाआड तो घोंगावतो, माणसे एकमेकांकडे पाहतात, आणि पाणी दिसते ते त्यानंतर पुरती वीस सेकंदे उलटल्यावर.

एक आवाज आम्ही काढून टाकला, तोही सांगतो. मुलांनी कुठूनसा डोंगर कोसळल्याचा स्फोटासारखा आवाज मिळवून एका ठिकाणी घातला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच भागात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, आणि शोध थांबवला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. ग्रामसभेला बसणाऱ्यांत अशाच उतारांखाली राहणारी माणसे असणार. त्यांना दचकवून काय मिळवायचे? शिक्षक काही बोलण्याआधीच एका मुलीने तो तुकडा पुसून टाकला.

संगीत काढले तेव्हा

सर्वांत मोठा वाद झाला तो पार्श्वसंगीतावरून. ओढ्याच्या प्रसंगाला ढोल-ताशे आणि व्हायोलिनांचा कल्लोळ होता. हशा पिकला होता तो तिथेच. ते काढा म्हटल्यावर मुलांचे चेहरे उतरले. संगीताशिवाय सिनेमा असतो का?

असतो. १९३७ साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओत व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ हा बोलपट काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची ही कथा. शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी ती गाजवली. मराठी बोलपट सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि जो तो गाण्या-बजावण्याच्या मागे होता. शांतारामांनी मात्र पार्श्वसंगीत वर्ज्य केले. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या घरात जे करते, ते वाद्यवृंदाला साधले नसते. याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली, आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांचे चित्रपट तिथे तयार होत आले आहेत. ध्वनीसाठी २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी हे तिथलेच विद्यार्थी.

संगीत काढल्यावर त्या प्रसंगात एक पोकळी राहिली. तिथे काय घालावे यावर बराच खल झाला. ज्या मुलीची ती गोष्ट, ती बहुतेक वेळ गप्पच असे. तिला विचारले, “त्या रात्री तुला काय ऐकू येत होतं?”

ती म्हणाली, “काही नाही. आजीचा श्वास ऐकत मी चालले होते. व्हाळात गेल्यावर तो ऐकूच येईना.”

मित्रांनो, याला आम्ही प्राध्यापक आच्छादन म्हणतो. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. कुजबुज सुमारे ३० डेसिबल आणि साधे बोलणे ६० डेसिबल धरा. ३० डेसिबलचा फरक म्हणजे तीव्रतेत हजारपट. श्वास तर कुजबुजीहूनही मंद. त्यातून खालच्या वारंवारतेचा मोठा आवाज वरच्या वारंवारतेच्या आवाजाला विशेष सहज झाकतो, आणि पुराचा घोंगाव नेमका तसा असतो. श्वास थांबला की नुसता झाकला गेला, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. वीस वर्षे मी हे फळ्यावर आलेख काढून शिकवत आलो आहे.

मग प्रसंग असा रचला. घरापासून झोळीतला श्वास अगदी जवळून ऐकू येतो, गोधड्यांच्या कोपऱ्यात वीतभर अंतरावरून घेतलेला, थोडा घरघरणारा. वाटेवर पाऊस आहे, सागाच्या पानांवर पावले आहेत. (ऑक्टोबरात ती पाने कोरडी होती, ओले फडके घमेल्यात आपटून आम्ही चिखलातली पावले केली. सुपात मोहरी फिरवली की पाऊस होतो, तो तुम्हीही करून पाहा.) पण या सगळ्याखाली श्वास चालूच आहे, आणि प्रेक्षकाला त्याची सवय होते. ओढा जवळ येतो तसा घोंगाव चढत जातो आणि मध्यावर श्वास बुडतो. आम्ही तो बंद केला नाही, हे लक्षात घ्या. ध्वनिफितीत तो आहेच. फक्त झाकला गेला आहे. चाळीस सेकंद पडद्यावर बॅटरीचा हलता उजेड आणि पाणी. मग पलीकडचा काठ, घोंगाव हळूहळू मागे पडतो, आणि आपण वाट पाहतो.

चाळीस सेकंद फार होतात, वीस पुरे, असे माझे मत होते. मुलीने ऐकले नाही.

२६ जानेवारीला ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. मंडपातले मोठे खोके दोन्ही बाजूंना होते, आणि ओढा घोंगावू लागला तेव्हा बाकांची फळी पायांना थरथरताना जाणवली. झोळी मध्यावर आली. चाळीस सेकंद कोणी खाकरलेसुद्धा नाही. एवढ्यात मागून एकजण मोठ्याने म्हणाला, “आहे, आहे, श्वास आहे.” झोळी वाहणाऱ्या चौघांपैकी तो एक होता. त्या रात्रीही ओढ्यात त्याने मुलीला हेच ओरडून सांगितले होते, असे तिने मला नंतर सांगितले. ते चित्रपटात घालायचे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते.

साकवाचा ठराव त्या दिवशी लिहिला गेला. जागेची मोजणीही झाली आहे. काम अजून सुरू व्हायचे आहे.

पुढच्या जुलैत त्या मुलीने वरच्या वाटेवरून, सुरक्षित अंतरावर उभे राहून, ओढ्याचा खरा पूर मुद्रित केला आणि मला पाठवला. मी तो आमच्या बनावट पुराशेजारी ठेवून ऐकला. खरा पूर बराच खालच्या स्वरात आहे. धोंड्यांचा आवाज आम्ही फारच कमी धरला होता.